दुसरं अपील

क्लेम विभागास,
आपलं पत्र मंगळवारी मिळालं. पाकीट जाड होतं
म्हणून आधी वाटलं, बरी बातमी असेल.
आत तेरा भाषांत छापलंय
की हे पत्र समजावून मिळेल, फुकट.
आणि एका ओळीत, एकाच भाषेत, नकार:
'रुग्णालयातील मुक्काम वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हता.'

आर्व्होला वाचून दाखवलं.
तो म्हणाला, 'बरोबरच आहे की. मी तेव्हाच म्हणत होतो, घरी चल.'
त्याचं ऐकू नका.
हा माणूस एकतीस वर्षं
डुलुथच्या धान्यकोठारांना, चर्चच्या मनोऱ्यांना
दोराला लटकून रंग देत होता.
वरून खाली बघून शीळ घालायचा.
भोवळ हा शब्द त्याला ऐकून माहीत होता,
जसा मला समुद्र.

नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, सकाळी सहा-दहाला,
त्यानं सिंकची कड दोन्ही हातांनी धरली
आणि म्हणाला, 'एल्मा, जमीन धर.'
मला धर असं नाही. जमीन धर.
मी नळ बंद केला.
तेवढंच सुचलं.

तुमच्या फॉर्मात तीन चौकोन आहेत,
सौम्य, मध्यम, तीव्र.
त्याचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाला पकडायला जात
आणि निसटून एका बाजूला सरकत, पुन्हा, पुन्हा.
पोटातली कॉफी फरशीवर आली.
उभा केला तर डावीकडे कलंडायचा, भरल्या पोत्यासारखा.
मी मधल्या चौकोनावर खूण केली होती.
माझी चूक. आमच्याकडे रडगाणं गायची पद्धत नाही.

डॉक्टर व्हांग आमच्या नातीच्या वयाच्या.
त्या म्हणाल्या, 'कानातलं असेल तर त्रास आहे,
मेंदूतलं असेल तर वेळ नाही.
कोणतं आहे ते आज रात्री मी छातीठोक सांगू शकत नाही.
पहिल्या स्कॅनमध्ये लपलेलं दुसऱ्यात दिसतं कधी कधी.'
तर आम्ही थांबलो.
तीन रात्री दर दोन तासांनी कुणीतरी येऊन
त्याला विचारायचं, हे बोट किती, तुमचं नाव काय.
तिसऱ्या रात्री तो म्हणाला, 'अजून तेच आहे.'

निघालं कानातलंच.
आणि निघालं कानातलंच, म्हणून
तुमचं म्हणणं, थांबायचं कारण नव्हतं.

साहेब, किंवा बाई, सहीवरून कळत नाही,
तुम्ही कधी गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला आहात का?
आम्ही डिसेंबरात जातो. दर दहा पावलांवर
गिरमिटानं भोक पाडून बर्फाची जाडी मोजतो.
पाच इंच. चला. साडेपाच. चला.
संध्याकाळी सगळे कोरडे घरी परततो
आणि आजवर कुणी म्हणालं नाही
की भोकं फुकट पाडली.

फोनवरच्या तुमच्या डार्लीन फार गोड बोलल्या.
म्हणाल्या, आर्व्हो 'दाखल' नको होता,
'निरीक्षणाखाली' हवा होता.
मी विचारलं, पलंग वेगळा असतो का?
नाही.
चादर? नर्स? ते बोटं मोजणं?
नाही, नाही.
मग फरक कुठे असतो?
बराच वेळ नुसतं संगीत वाजत राहिलं.

अठरा हजार चारशे बारा डॉलर.
आमचा ट्रक विकला तर सात येतील.
हे दयेसाठी लिहीत नाही. हप्ते आम्ही
एकोणीस वर्षं वेळेवर भरले, आणि तेव्हा तुम्ही
एकदाही विचारलं नाहीत, आवश्यक आहे का.

आर्व्हो आता बरा आहे. फक्त जिना उतरताना
भिंतीला तळहात टेकवत येतो,
आणि मी दिसले की पटकन काढून घेतो.

सोबत जोडलं आहे:
डॉक्टर व्हांग यांचं पत्र, दोन पानं.
नर्सच्या नोंदी, रात्रीच्या सगळ्या.
फोटो एक, सन एकोणीसशे एक्क्याऐंशी:
मनोऱ्याच्या टोकाला एका हातानं लोंबकळणारा जो आहे,
तोच पेशंट.
फोटो परत पाठवावा.
दुसरी प्रत नाही.

एल्मा लेहतोमाकी